उधारीची वही

एतेल्काने वही परत दिली, एप्रनला हात पुसून.
"थोडी पानं चुलीत गेली. हिवाळा होता.
पण शेवटची फाडली हं, मागून."

आमची लिपी उजवीकडून चालते.
तिने ज्याला शेवट समजून जाळलं
ती सुरुवात होती:
आजोबा वारले, दुकान बाबांकडे आलं ते साल,
तिसा नदीला पूर आला तेव्हा माफ केलेलं रॉकेल.

उरलंय ते चव्वेचाळीसचं.
बाबांचं अक्षर, किरटं, कागद वाचवणारं.
पेसील, विधवा: मेणबत्त्या, दोन.
लाइबिश गाडीवान: वंगण, आणि घोड्याला साखरेचे खडे.
ग्लुकेल सुईण: साबण. शेजारी टीप, मागू नये.
वल्हांडणाच्या आठवड्यात सगळ्यांनाच
बटाटे, अंडी, पुन्हा बटाटे.
त्यापुढे एक पान. वर तारीख घातलेली,
खाली काही नाही.

पैसे आले की बाबा नावावर रेघ मारत,
पट्टी लावून, सरळ.
मी पेन्सिल घेऊन बसले.
यांची रांग मी वीटभट्टीच्या आवारात पाहिली होती,
नंतर त्या फलाटावर.
रेघ मारावी तर फिटलं असं होतं.
न मारावी तर पेसील देणेकरी राहते,
दोन मेणबत्त्यांची,
आणि पेसील तर दारावरून जाताना
रस्त्याची पलीकडची बाजू धरायची, लाजून.

मग एतेल्काचं नाव आलं.
मीठ, दोन किलो.
मी मोठ्याने वाचलं. का, माहीत नाही.
"असेल," ती म्हणाली. "आठवत नाही."
आत गेली. बराच वेळ
फक्त कोंबड्यांचा आवाज.

बाहेर आली ती पुडी घेऊन.
वजन नव्हतं केलं, पण दोन किलोच्या वरच असावं.
पुडीचा कागद पिवळट, रेघांचा.
मी तो उजवीकडून वाचला:

*मुलगी झाली. फ्रिमेट नाव ठेवतोय.
आज कोणाचीही उधारी लिहायची नाही.*

मीठ मी तिच्या टेबलावर ओतलं,
थोडं जमिनीवर सांडलं.
कागद झटकून घडी केली.
तिच्याकडे पट्टी मागितली,
आणि सबंध वहीत तिच्या एकटीच्या नावावर
रेघ मारली, सरळ.
खाल्ल्या मिठाचं काय,
ते तिचं ती जाणे.

गाडीला अजून चार तास होते.
कागदाच्या घडीत दाणे राहिले होते,
बोटांना लागत होते.