डावखुरा

योकोतेत बर्फ कंबरेएवढं.
एइता शाळेच्या बेसबॉल संघाचा पिचर,
उजवा खांदा उसन्या भांड्यासारखा
जप म्हणून सांगितलंय प्रशिक्षकांनी.
रविवारी तो एकट्या तोमेबाईंच्या छपरावर चढतो
(कुणी हजेरी घेत नाही)
आणि फावडं डाव्या हातात धरतो.
वेळ दुप्पट. निम्मं बर्फ अंगावरच.

तोमेबाई खालून बघतात,
चहाचा पेला डावीकडे ठेवतात.
त्यांचे यजमानही डावखुरे होते म्हणे,
कात्री वेगळी मागवावी लागायची.
एइता काही बोलत नाही.
डाव्या हाताने पितो, थोडा सांडतो.

एप्रिलात त्या मैदानावर आल्या
उशी, डबा, दुर्बीण घेऊन.
पहिला चेंडू सुटला.
“अगंबाई,” शेजारणीला म्हणाल्या,
“याला तर दोन्ही हात आहेत!”