हातानं मोजा

अण्णांनी पहिल्यांदा सोडला तो वजनकाटा.
घाटल्याच्या वाण्याला म्हणाले, साखर तागडीत घाल,
नाहीतर राहू दे.
काट्याच्या कपाळावर निळ्या अक्षरांत ‘सुमापक’,
आणि पतपेढीच्या निवडणुकीत
टेबलावर ठेवलेल्या त्या पेटीवरही तेच निळं.

तीन नंबरच्या टेबलावर लाडू भोईरला मतं शून्य.
लाडूकाका हसून घरी गेले.
अण्णा फळ्यासमोर उभे राहिले
हॉलमधल्या खुर्च्या एकात एक रचून होईपर्यंत.
तीन नंबरला मी होतो, म्हणाले.
मग माझं कुठंय?

अधिकाऱ्यानं पेटीतून पट्टी काढून दाखवली,
औषधाच्या बिलाएवढी.
तिच्यावरही शून्यच होतं, फक्त छापलेलं.

तेव्हापासून सुमापकचं काही नको.
नाक्यावरचं पैशांचं यंत्र नको.
दवाखान्यातलं टोकन नको,
दारात उभं राहून विचारायचं, शेवटचे कोण तुम्ही?
मग एकदा लिफ्टमध्ये त्यांना ते नाव दिसलं,
वजनमर्यादेच्या पाटीखाली, बारीक.
आम्ही चौथ्या मजल्यावर राहतो.
गुडघे कुरकुरले,
पण गुडघ्यांना मताचा अधिकार नव्हता.

एक गोष्ट मी विचारली नाही.
त्या मार्चात त्यांच्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकला होता,
दुधाची पिशवी म्हणून ताक आणायचे.
लाडूकाकांचं चिन्ह कंदील, त्याच्यावरच्या ओळीत घागर.
आईच्याही मनात आलं असेल.
ती तेव्हा मटार सोलत होती
आणि सोलतच राहिली.

काल त्यांच्याबरोबर बँकेत गेले.
स्लिपवर रक्कम अक्षरात लिहून
त्यांनी पुढे ‘फक्त’ घातलं, खाली दोन रेघा.
नीलोफर मॅडमनी गड्डी मशीनमध्ये टाकली, फर्रर्र,
आणि अण्णांनी काचेवर बोट टेकलं, बरोबर त्या निळ्या नावासमोर.
हातानं मोजा.

मागे अकरा माणसं. कुणीतरी च्यक् केलं.
तिनं ओल्या स्पंजाची डबी पुढे ओढली.
एकोणपन्नास.
पुन्हा मोजल्या. पन्नास.
मशीनवर लाल आकडा पन्नासच होता, पहिल्यापासून.
मी मान खाली घातली, आता कुणीतरी बोलणार.
ती म्हणाली, सॉरी काका, बोट घसरलं.
चालायचंच, अण्णा म्हणाले, इतक्या मायेनं
की मला राग आला.

परत येताना, उसाच्या गुऱ्हाळापाशी दम खात, सांगू लागले.
पंच्याऐंशी साली मतमोजणीला होतो.
पहाटे तीनला पन्नासची एक गड्डी
मी चुकीच्या खोक्यात ठेवली.
झोप होती गं, दुसरं काही नाही.
समोर एक पोरगा बसलेला, हरणाऱ्या पार्टीचा एजंट,
जांभई देता देता थांबला,
म्हणाला, साहेब, ती आमची.
आणि माझं मनगट धरलं.
इथं.
त्यांनी बाही वर करून दाखवलं,
जणू अजून वळ असेल.

मग जिना.
प्रत्येक मजल्यावर कठड्याला टेकत, ओठ हलवत.
दारापाशी पोचलो तेव्हा म्हणाले, अडुसष्ट.
मी सदुसष्ट मोजल्या होत्या.
पुन्हा खाली जायचं का, मी थट्टेनं विचारलं.

अण्णा चप्पल न काढता उभे,
खरंच विचार करत.