खरवड

हर्षल नऊ महिने जहाजाच्या मुदपाकखान्यात होता.
परत आला तो एक शब्द घेऊन : पाएया.
आत्या म्हणाली, "पाया? बकऱ्याचा?"

दिवाळे कोळीवाड्यात तसली कढई कुठली!
बेलापूरच्या हलवायाकडून जिलबीची आणली,
उथळ, परातीएवढी,
कडांना अजून पाकाचा चिकटा.
वाडा कोलम, कोळंबी, माकुळाच्या चकत्या,
खाडीतल्या तिसऱ्या,
आणि श्रीखंडातून उरलेलं केशर,
बारा काड्या. मोजून.

"आता ढवळायचं नाही," तो म्हणाला.
गोमाआत्याच्या हातात डाव होता.
भाताबद्दल तिला असं
साठ वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं.
तिनं डाव पदराखाली घेतला, चोरल्यासारखा,
आणि उभी राहिली.
आधी बुडबुड.
मग नुसती बारीक चरचर.
"करपतं रं."
"करपू दे."

शेवटी त्यानं कालथा तळाशी घातला,
तांबूस पापुद्रा अख्खा उचलला.
"तिकडं ह्याच्यासाठी भांडतात, आत्या."
आणि तिच्या ताटात वाढला. पहिला.

आत्या हसली नाही.
आम्ही सगळे जेवून उठल्यावर
टोपाच्या बुडाला जे राही
त्यावर कालवणाचं पाणी ओतून
ती मोरीपाशी बसून खायची.
आम्हाला वाटायचं, तिला आवडतं.

कुरकुर ऐकू आली, बराच वेळ.
कुणी काही बोललं नाही.
मग ती म्हणाली,
"मीठ कमी हाय,"
आणि ताट परत पुढे केलं.