कशावर मारायचंय?

दीडच्या उन्हात रेवणप्पा काका दुकानात आले,
डोक्याला काही नाही.
"औषध दे."
सवयीनं विचारलं, कशावर मारायचंय?

"तुरीवर."
तूर निघून महिना झालेला.
रान तीन वर्षं पुतण्याकडं, वाट्यानं.
आणि सुटा रुपयासुद्धा मागून घेणारा माणूस
पाचशेची नोट ठेवून म्हणाला, उरलेले राहू दे.

कपाटाची किल्ली मी खिशात टाकली.
स्टॉक संपलाय, म्हणालो. खोकी त्यांनाही दिसत होती.
खताच्या पोत्यावर बसवलं, चहा सांगितला,
आणि विचारलंच:
काका, जीव नकोसा झालाय का?

वळसंगात असं कुणी कुणाला विचारत नाही.
ते बशीकडं बघत बसले. चहावर साय धरली.
मग म्हणाले, गंगव्वा गेल्यापासून
दिवसाला एक शब्द खर्च होत नाही बघ.
परवा कुत्र्याला हाक मारली,
आवाजच फुटेना.

त्या दिवशी गिऱ्हाईक परत पाठवलं.
पुतण्या आला, आशाताई आली;
सोमवारी एसटीनं सोलापूरला, डॉक्टरकडं.
गोळ्या चालू आहेत. सगळं बरं झालं असं नाही.

आता रोज अकराला येतात.
शाळूच्या पिशवीवरची बारीक अक्षरं मी वाचतो,
ते कंपनीला शिव्या देतात,
माझा हिशेब चुकवतात.
ज्या दिवशी अकरा दहा होतात
त्या दिवशी मी शटर अर्धं ओढतो
आणि त्यांच्या गल्लीकडं चालू लागतो.