बारा काड्या

हनीफभाईंचं खिम्याचं मशीन गुरुवारपासून बंद.
"जालन्याहून पार्ट यायचाय," म्हणाले
आणि अर्धा किलो मांडीचं
तसंच, बोटाएवढे तुकडे करून
पेपरात बांधून दिलं.

घरी अण्णा खाटेवर.
दातांच्या मधोमध आइस्क्रीमच्या काड्यांची गड्डी.
डॉक्टरनं सांगितलंय, एकावर एक ठेवायच्या,
पंधरवड्याला एक वाढवायची.
सध्या बारा.
एसटीच्या वर्कशॉपात बत्तीस वर्षं
नट आवळताना गालात एक पुडी,
नट सोडवताना दुसरी,
शेवटी जबडाच आवळला गेला
आणि त्याला कुठला पाना बसेना.

मागच्या रविवारी मिक्सर लावून पाहिला होता.
पाती गरगरली, भांडं तापलं,
मी बटण सोडेस्तोवर
आत गुलाबी लगदा, पात्याला शिरांचा गुंता.
शिजवून वाढला.
अण्णांनी एक चमचा घेतला, वाटी सरकवली.
"ग्रीस हाय हे."

आज तबस्सुमआपा पीठ मागायला आल्या
आणि पीठ विसरून ओट्याशी उभ्या राहिल्या.
"पहले ठंडा कर गे इसको.
कडक होने दे, पत्थर नक्को होने दे."
अर्धा तास फ्रीजच्या वरच्या कप्प्यात,
तेवढ्यात लाईट गेली नाही, हे नशीब.
मग पांढरा पापुद्रा नखानं सोडवायचा,
शीर दिसली की ओढून काढायची,
पट्ट्या करायच्या, पट्ट्यांना आडवं कापायचं,
आणि मग दोन्ही हातांत सुऱ्या.

लिंबाच्या लाकडाचा पाट,
खाली ओलं फडकं, घसरू नये म्हणून.
मी दाबत होते. मनगटं लगेच भरून आली.
"दबा नक्को. गिरने दे.
वजन सुरी का है, तेरा नहीं."

ठक् ठक्, ठक् ठक्,
पसरलं की सुरीच्या पाठीनं गोळा करायचं,
घडी घालायची, पुन्हा ठक् ठक्.
खालून देशमानेबाई ओरडल्या,
"काय फर्निचरचं काम काढलंस का गं?"
आपांनी वरूनच सांगितलं, "हाव, पलंग बनायला!"

अण्णांनी काड्या काढल्या, लाळ पुसली.
डोळे मिटून बराच वेळ नुसतं ऐकत राहिले,
शेडमध्ये बोनेट उघडलेल्या गाडीपुढं
ऐकायचे तसं.
"डावी मागं पडायलीय," म्हणाले,
"टायमिंग धर."
धरलं.
मांस आता दाण्यांवर आलं होतं,
भिजवलेल्या कण्यांसारखं,
दाणा दाण्याला चिकटून, पण वेगळा.

तिखट चालत नाही त्यांना, तोंड पेटतं.
लाल पुडीऐवजी नुसतं येसर,
तेही चाळून, मिरची नसलेलं,
लातूरच्या मावशीनं वेगळं कुटून धाडलेलं.
हे सांगताना मला अजून लाज वाटते,
परभणीच्या घरात बिनतिखटाचा खिमा.
वर कोथिंबीर घातली भरपूर,
रंगानं तरी भूल पडावी.

भाकर कुस्करून, रश्शात भिजवून दिली.
अण्णा जेवले. म्हणजे
चमचा आडवा शिरत नाही, उभा करून घेतला,
एक घास गालात धरला,
जीभ फिरवली,
आणि चावले.
गिळण्याआधी चावले.
कानशिलाजवळची शीर हलताना मी पाहिली,
पाहतेय असं न दाखवता
पाट घासत बसले.

चौथ्या घासाला थांबले.
दातांखाली काहीतरी सापडलं होतं,
माझ्या हातून सुटलेला एखादा मोठा कण.
मी वाटी पुढं केली, थुंका म्हणून.
त्यांनी हात आडवा केला.
पंख्याची तीनेक चक्करं
तो कण इकडून तिकडं,
वर्कशॉपातल्या जुन्या माणसाची चिकाटी,
मग गेला.

"पुढच्या बारीला," म्हणाले,
"जरा जाड ठेव."

संध्याकाळी टेबलावर पाहिलं,
गड्डीला रबर लावलेला होता.
मोजल्या नाहीत मी काड्या.
रात्री झोपेत माझे हात
चादरीवर चालत होते म्हणे,
आणि डावा अजून
थोडा मागंच पडत होता.