चाळीस सेकंद पुढे

शेगडीवर केटली चढवली
की आधी चावी, मग चहा.
बावीस वेळा अंगठा पुढे-मागे,
तेविसाव्याला कमान म्हणते, पुरे.
तिथं थांबायचं.
जोर करणाऱ्यांची घड्याळं मी
दुरुस्तीवाल्या फाइकच्या खणात पाहिली आहेत,
मेलेल्या झुरळांसारखी उताणी.

हे घड्याळ नदीपलीकडचं, चिस्तोपोलच्या कारखान्यातलं.
पुरुषी मनगटासाठी बनवलेलं,
पट्ट्याला दाभणानं दोन भोकं मीच पाडली.
दवाखान्यात नेमणूक झाली तेव्हाचा पहिला पगार.
त्या हिवाळ्यात बूट घेतले नाहीत.

छत्तीस वर्षं.
डाव्या मनगटावर एक पांढरा गोल आहे,
तिथवर उन्हाळा कधी पोचला नाही.

नाडी मोजायला याच्यासारखं दुसरं नाही.
एका मिनिटात ते खोटं बोलत नाही,
बोलतं ते सबंध दिवसात,
माणसासारखंच.
रोज चाळीस सेकंद पुढे.
शुक्रवारी रेडिओ ऐकून मी त्याला मागे ओढते.
पण शुक्रवार लांब असतो,
आणि आकचिश्मे गावात पोरं
शुक्रवारची वाट बघत नाहीत.
सगळीच आपापल्या कागदाआधी जन्मली.
म्हातारा गाब्देलबार गुरुवारी गेला,
नोंदीत तो चार मिनिटं जास्त जगला आहे.
मी खोडलं नाही.

एकदाच चावी द्यायची राहिली.
मिन्सिलू दोन रात्री अडलेली,
बाहेर बुरान असा की खामितला
अंगणातला स्वतःचा ट्रॅक्टर सापडेना.
चहा झाला नाही, म्हणून चावीही नाही.
पोर आली ती निळी,
गळ्याभोवती नाळेचे दोन वेढे.
सोडवले. उलटी धरली. पाठीवर थापट्या.
कोपऱ्यातली आजी दुवा पुटपुटत
हळूहळू गप्प झाली,
आणि त्या गप्पपणातच पोर रडली.

मी सवयीनं मनगट वळवलं.
तीन वीस.
सेकंदकाटा उभाच्या उभा.
कुठले तीन वीस? कधीचे?
भिंतीवरचं घड्याळ विजेचं, तारा तुटलेल्या,
खिडकीत फक्त पांढरं.

काळ आला होता, पण वेळ आली नव्हती, म्हणतात.
येणार कशी?
ती माझ्याच हातावर बंद पडली होती.

नोंदवहीत लिहिलं, पहाटे पाच वाजून दहा मिनिटं.
सही केली, राउझा, ठळक.
अशी वेळ मारून नेली.

परवा ती पोर आली, इल्सुयार,
एकोणीस वर्षांची, कझानला शिकते, केस आखूड.
तिची कुणी मैत्रीण ताऱ्यांवरून भविष्य सांगते,
तिला जन्मवेळ नेमकी हवी.
"पाच दहा बरोबर ना, राउझा आपा?"
मी कपात साखर ढवळत राहिले,
साखर केव्हाच विरघळली होती.
मग सांगून टाकलं.

वाटलं, उठून जाईल.
ती माझ्या अंगठ्याकडे बघत होती.
थंडीत हल्ली तो सांध्यातून वळत नाही,
सकाळी बावीस होईतो केटली उकळून ओसरते.
"द्या," म्हणाली.
खुंटा बाहेर आला तसा डुगडुगला,
ती दचकली, "मोडलं का?"
नाही गं, तो तसाच.
ताठ असता तर पहिल्याच आपटीत गेला असता.

ओठातल्या ओठात मोजत होती, तातारीत,
तिच्या आजीचेच उच्चार.
मी आकडा सांगितला नव्हता.
तेविसाव्याला आपोआप थांबली
आणि माझ्याकडे बघितलं,
कुणीतरी आतून हात धरल्यासारखं.

कानाशी नेलं. बराच वेळ.

"आत्ता किती वाजले खरे?"
मंगळवार आहे, म्हटलं.
अडीचेक मिनिटं वजा कर.