सात मिनिटं

पार्सल आलं तेव्हा पारा शेहेचाळीसवर होता.
कुरियरवाल्या पोट्ट्यानं आधी पाणी मागितलं,
मग सही.
आत काळी डबी, तिच्यावर उमरावाचा सुळा,
अन् एक जाड पुस्तिका. मूळ निगेटिव्ह म्हणे
कुठल्याशा मठाच्या तळघरात, मधाच्या पिंपांमागे सापडली.
चार वर्षं एकेक चौकट धुतली, पुसली, रंग बसवले.
आता चित्रपट जसा होता तसा. संपूर्ण.

संपूर्ण हा शब्द मी दोनदा वाचला.

आमचा संपूर्ण नव्हता.
गोळीबार चौकात खेमराज सोनकुसरेचं व्हिडिओचं दुकान,
वर तापलेले पत्रे, कोपऱ्यात खसचा कूलर,
मागच्या गल्लीत मागांची खडखड, म्हणून आवाज कायम फुल.
युरोपातलं भूत, भाषा कोणाच्या बापाला ठाऊक,
खालची इंग्रजी अक्षरं अर्धी पडद्याबाहेर.
पुंडलिक ढकाते उभा राहून सांगायचा :
"हा उमराव हाये. तीनशे वर्साचा. रक्त पेते.
पन आता दाढ दुखून राहिली बाप्पा त्याची,
काऊन का त्या गावातल्या लोकायचं रक्त लय गोड."

उमराव रात्री पेटीतून उठतो, गालाला फडकं बांधून
दंतवैद्याचं दार वाजवतो.
दंतवैद्य थरथरत कंदील धरतो, म्हणतो, आ कर.
उमराव आ करतो

अन् तिथं शेवंताचा साखरपुडा.

खेमराजच्या भावाला ऐनवेळी कोरी कॅसेट मिळाली नव्हती.
सात मिनिटं मांडव, स्टीलच्या ग्लासांत रसना,
शेवंता मान खाली घालून, नवरदेवाचा टाय तिरपा,
अन् तिचा धाकटा भाऊ, हाच पुंडलिक, तेव्हा नऊ वर्षांचा,
कॅमेऱ्यापुढं येतो, अख्खा पेढा तोंडात टाकतो
आणि आ करून दाखवतो.
मग खरखर. मग पुन्हा उमराव.
दाढ गेलेली, खुशीत,
आणि दंतवैद्याचे केस पांढरेफटक.

मधलं सगळं पुंडलिकच्या हाती.
कधी त्या दाढेत एक बाई भाड्यानं राहायची,
कधी अख्खी इतवारी, दिवाळीच्या गर्दीसकट.
एकदा म्हणाला, आत काहीच नव्हतं बे, नुसता अंधार,
म्हून पांढरे झाले.
त्या दिवशी कोणी हसलं नाही.

पुढं त्याला खर्र्याचा नाद. पन्नीत घोटून, दिवसाला दहा.
तोंड तीन बोटांवरून दोनांवर आलं, मग एकावर.
मेडिकलच्या ओपीडीत मी सोबत होतो.
डॉक्टरीण बॅटरी लावून म्हणाली, आ करा काका.
तो माझ्याकडं पाहून नुसत्या डोळ्यांनी हसला.
त्याला काय आठवलं ते मला कळलं.
उघडता मात्र आलं नाही.

परवा दुपारी पडदे ओढून पाहिला.
आम्ही ज्याला धुकं म्हणायचो ती कॅसेटवरची बुरशी होती.
कोट काळा नाही, जांभळा आहे. कॉलरवर पावडर सांडलेली.
वटवाघळाची दोरी दिसते.
आणि ती सात मिनिटं :
दंतवैद्य दाढेला दोरा बांधतो, दुसरं टोक दाराच्या कडीला.
दार आपटतो. दार निखळतं, दाढ तशीच.
मग कपाट. मग घोडा.
बरं आहे. मी हसलोसुद्धा, दोनदा.
घोडा पळतो तेव्हा फळीवरचं पिठाचं पोतं
दंतवैद्याच्या डोक्यावर फुटतं, म्हणून केस पांढरे.

पिठाचं पोतं.
चाळीस वर्षं, पुंड्या, अन् पिठाचं पोतं.

संध्याकाळी नंदनवनला शेवंताताईला फोन लावला.
म्हटलं, तो दाढवाला पिक्चर आला, नवा करून, एकदम साफ.
"बरं झालं," म्हणाली. मग जरा थांबून,
"मंग त्यात आमचा पुंड्या हाये का रे?"

कूलरमधलं पाणी संपलं होतं,
मोटर कोरडीच फिरत होती.
मी म्हटलं, थांब ताई, पाणी टाकून येतो.